नोकरीच्या दारावर येणारे नाना

थांबा, बाकी सगळं नंतर. हे आत्ताच सांगायचंय, कारण माझं डोकं अजून तापलेलं आहे आणि एकदा थंड झालं की मी गुळमुळीत काहीतरी लिहीन.

आमच्या गल्लीतले नाना नोकरी गेलेल्या माणसाच्या दारावर येतात. दारावर म्हणजे, आपल्याकडे घरातलं कोणी गेलं की लोक भेटायला येऊन बसतात ना, अगदी तसं. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, ओट्यावर मांडी. चहा घेत नाहीत. निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आणि मान खाली घालून हळूच विचारतात, "आजारी होती का? का अचानक गयी?"

नोकरी!

नाना मूळचे धुळ्याचे. जळगावात येऊन जमाना झाला, पण चिडले की अहिराणीच. आणि ते कायम चिडलेलेच असतात. म्हणजे मी अहिराणी त्यांच्याकडूनच शिकले म्हणा ना.

पलीकडच्या गल्लीतल्या मंगेशची नोकरी गेली तेव्हा त्याने आईला सांगितलं होतं, आता घरूनच काम करायचंय. बिचारी त्याला तासातासाला चहा द्यायची. एका सकाळी नाना टोपी-टॉवेल घेऊन ओट्यावर. मंगेशची आई बाहेर आली, नानांना पाहिलं आणि तिला वाटलं भुसावळचा भाऊ गेला. तिने जो हंबरडा फोडला! गल्ली गोळा. एकजण तर भुसावळला जायला रिक्षा ठरवायला पळाला. नाना शांत. "तुना भाऊ धडधाकट शे, माय. तुना पोऱ्यानी नोकरी गयी."

रडणं तिथल्या तिथे बंद. मग मंगेश पुढे, आई मागे, हातात झाडू.

लोक नानांवर वैतागतात. "नाना, गेली नाही हो, ब्रेक घेतलाय त्याने." संपलं! नाना ओट्यावर थाप मारून ओरडणार, "मरेल मानूसले कोनी म्हनस का, ब्रेकवर गया? गयी म्हना! तोंड का शिवेल शे?" 'सध्या घरचं पाहतो', 'दुसरीकडे बोलणं चालू आहे', असलं काही बोललात की तुमची खैर नाही.

आम्ही खूप हसायचो. पप्पा तर सगळ्यात जास्त.

मग पप्पांची गेली.

पप्पा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. माझ्या जन्माआधीपासून. आमच्या नातेवाइकांत एक घर सापडणार नाही जिथे पप्पांनी दिलेली प्लास्टिकची चटई नाही. त्यांना फोन आला. फोनवर एक नवीन साहेब, माझ्याच वयाचा असेल, म्हणतो, "काका, आम्ही तुम्हाला मोकळं करतोय."

मोकळं! बांधलं होतं का रे पप्पांना?

आणि आमच्या घरात काय, तर आईने पाचोऱ्याच्या मावशीला सांगितलं, बीपीमुळे कंपनीने आराम दिलाय. मावशीने सगळ्यांना. पप्पा आतल्या खोलीत, टीव्हीचा आवाज बंद करून टीव्हीसमोर. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, परत आत. आमच्याशी एक अक्षर नाही. मला नोकरीचं काही नाही हो, नोकरी गेली खड्ड्यात. मला पप्पांचा आवाज हवा होता.

आज सकाळी फाटक वाजलं. टोपी. टॉवेल.

मी दारात आडवीच उभी राहिले. "नाना, इथे कोणी मेलेलं नाहीये. जा तुम्ही."

"मरेल शे, बेटा. सरक."

आई धावत आली. "नाना, अहो, यांना आराम दिलाय कंपनीने."

"आराम डॉक्टर देस! कंपनी कव्हापासून डॉक्टर झायी?"

आवाज ऐकून पप्पा बाहेर आले. दाढी वाढलेली. "नाना, हळू. गल्ली ऐकतेय."

नाना बसले. मान खाली. "आजारी होती का?"

पप्पांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाही."

"अचानक गयी?"

"अचानक."

"मारी कोनी?"

आणि पप्पा फुटले. "काढलं मला! काल आलेल्या पोराने फोनवर काढलं! पाडव्याच्या दिवशी मशीन अडकलं तर मी भरल्या ताटावरून उठून गेलो होतो, नाना! तोंड दाखवायला पण नाही बोलावलं! काढलं! हाकललं!" समोरच्या काकू पाण्याचा पाइप हातात धरून उभ्या, पाणी रस्त्यावर चाललंय. पप्पांना पर्वा नाही. मालक, साहेब, साहेबाचा एसी, सगळ्यांचा उद्धार. नाना फक्त "हं... हं..." करत होते. मला रडू पण आलं, आणि राग तर असा की आत्ता जाऊन त्या कारखान्याच्या गेटला लाथ मारावी.

शेवटी पप्पा ओट्यावर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी आण गं, माई." माई! किती दिवसांनी!

नाना उठले. 'येतो' न म्हणता फाटकाशी गेले. आई मागे गेली. "नाना, तुमची नोकरी गेली तेव्हा कोण आलं होतं?"

नानांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज एवढा बारीक ऐकला, आणि अहिराणी पण मधेच सुटली.

"कोनी नही. नानी म्हणायची, दार लावा, धूळ येते. मी म्हणायचो, राहू दे, कोणी येईल. नानी गेली तेव्हा चपला ठेवायला जागा नव्हती दारात. पण नोकरी गेली तेव्हा... लोकं त्या बाजूने जायचे."

हाताने रस्त्याची पलीकडची कड दाखवली आणि गेले.

पप्पा अजून ओट्यावरच बसलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगतायत, "काढलं मला."

तुमच्या घरी असं झालं तेव्हा कोणी येऊन बसलं होतं का? खरं सांगा. आणि तुम्ही कोणाच्या दारावर गेला होतात, की त्या बाजूने?