न विझलेली मेणबत्ती

जे कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, हे कुठल्याही कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. विज्ञानाच्या शिक्षकांना मात्र ही साधी गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. ही मंडळी वर्षानुवर्षं काचेची भांडी घेऊन वर्गात जायची, काहीतरी पेटवायची, आणि मुलं "आई गं!" म्हणून ओरडली की शिकवून झालं असं समजायची. लेखी पुरावा शून्य.

म्हणून आमच्या समितीने (सदस्य पाच, पैकी विज्ञान शिकलेले एक, ते बैठकीला येत नसत) विज्ञानाच्या तासात वाचन-लेखन आणलं. आधी धडा मोठ्याने वाचायचा, मग नवे शब्द उतरवायचे, मग प्रयोग, मग चार ओळींत शुद्ध भाषेत निरीक्षण. महिन्याभरात कळलं की एवढ्यात तास संपतो. तेव्हा निरीक्षण आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. प्रयोग शेवटी, वेळ उरल्यास. फळ लगेच दिसलं. फुटलेल्या परीक्षानळ्या गेल्या वर्षी एकवीस, यंदा एकही नाही. भाजलेली बोटं शून्य. फसलेले प्रयोगही शून्य (केलेले प्रयोग चार).

तपासणीसाठी मी एका शाळेत गेलो. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई तीन वर्षं तात्पुरत्या होत्या. वह्यांचा अहवाल चांगला गेला की कायम होणार होत्या. घरी दोन लहान मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, हे मुख्याध्यापकांनी चहाबरोबर माझ्या कानावर घातलं.

वह्या बेचाळीस होत्या. एक्केचाळीस वह्यांत एकच वाक्य, "पेला उपडा ठेवताच मेणबत्ती काही क्षणांत विझली." पूर्णविरामसुद्धा एका रांगेत. मला अगदी भरून आलं. बेचाळिसावी वही एका चष्मेवालीची निघाली. तिने लिहिलं होतं, "मेणबत्ती विझली नाही. पेल्याच्या बुडाला भोक आहे आणि काठाचा टवका उडालाय. खालून हवा आत येऊन वरून बाहेर जात असेल."

"ही काय भानगड, बाई?"

"सर, त्या दिवशी वेळ उरला," बाई ओशाळून म्हणाल्या.

"मग बाकीच्यांची कशी विझली?"

"त्यांचं आधीच लिहून झालं होतं. ही उशिरा आली. तोवर मेणबत्ती पेटली होती."

वेळेवर न येण्याचे दुष्परिणाम असे दूरवर जातात. मी पोरीला जवळ बोलावलं.

"बाळ, हे खोड आणि 'विझली' लिही."

"पण सर, नाही ना विझली!"

"आणि हे 'असेल' काय? निरीक्षणात शंका काढायची नसते."

"मग दुसरा पेला ठेवून बघू या?"

(मूल हट्टी आहे. पालकांना पत्र गेलं.)

मी काही दगडाच्या काळजाचा नाही. बाईंना म्हटलं, "तुम्हीच एक रेघ मारा. मी खाली 'उत्तम' लिहितो, आणि तुम्ही सुटलात." बाईंनी लाल पेन उघडलं. पोरीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि टोपण परत लावलं.

"सर, वर्षभरात विज्ञान हिनं एकटीनं केलंय. ते मी कसं खोडू?"

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, जेवण गेलं नाही. अहवालात मी शक्य तितकं मऊ लिहिलं, "बाईंना घडलेलं लिहिण्याचा सोस आहे; इतिहास द्यावा." इतिहासाच्या शिक्षकांनी हरकत घेतली (घडलेलं लिहिण्याची सोय त्यांच्याकडेही नव्हती). बाई घरी बसल्या. नव्या शिक्षकांनी ती वही नव्याने लिहून घेतली आणि शाळा बेचाळीसपैकी बेचाळीस गुणांनी पहिली आली.

आता तुम्ही माझ्यावर चिडला असाल. चिडा की! पण एक सांगा, उपड्या पेल्याखाली मेणबत्ती विझते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे ना? आहेच. कधी स्वतः ठेवून पाहिलीत? नाही ना? मग आम्हाला नावं कसली ठेवता? ही योजना आखताना नमुना म्हणून आम्ही तुमच्याच वह्या समोर ठेवल्या होत्या.