उराडे सर अटकतात

उराडे सर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले, आणि तीही शाळेच्या मैदानात, प्रार्थना सुटताना, सगळ्या पोरांच्या डोळ्यांदेखत. कुरखेड्यात तेव्हा मोकळ्या जागेची काही टंचाई नव्हती. गुपचूप शिकता आलं असतं. पण सरांना प्रेक्षक हवे असत. धाडकन पडायचे, पँट झटकायचे आणि लॉटरी लागल्यासारखे ओरडायचे, "अटकलो रे बा!"

आम्ही एकाच शाळेत होतो. ते गणिताला, मी मराठीला. दरवर्षी जूनमध्ये हा माणूस स्वतःला मुळीच न जमणारी एखादी गोष्ट शिकायला घ्यायचा. सायकलीनंतर पेटी झाली. त्या वर्षी त्यांच्या शेजाऱ्यांनी घर बदललं. सर म्हणत, त्यांची बदली झाली. शेजारी मात्र गावातच राहिले होते.

सरांचा तास सुरू व्हायचा तो आदल्या दिवशीच्या फजितीपासून. "काल पाच खेपा पडलो. पाचही खेपा डावीकडे. म्हणजे उजवीकडचं मले जमून राह्यलं!" पोरं खिदळायची. मग सर विचारायचे, "हं, आता तुमचं सांगा. कोण कुठी अटकलं?"

आणि पोरं सांगायची! माझ्या तासाला समास कळला नाही हे कबूल करायला कोणी तयार नसे. सरांच्या तासाला त्यासाठी हात वर करायची चढाओढ. फक्त 'येत नाई' म्हणायची सोय नव्हती. "येत नाई म्हणजे काय गा? कुठपर्यंत येते, ते सांग!"

हेडमास्तर वैतागायचे. "उराडे, गणिताचा मास्तर मैदानात लोळतो. शाळेची काही इज्जत?"

"सर, उठतो बी त्याच मैदानात," उराडे सर म्हणायचे.

एका वर्षी दहावीच्या निकालात वनिता गणितात नापास झाली. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, कमी बोलणारी पोरगी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिनं गणिताचं पुस्तक चुलीत घातलं, असं कळलं. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. दाराआडूनच ती म्हणाली, "मले ऑक्टोबरचा फॉर्म नाई भरायचा. माह्या डोस्क्यात गणितच नाई."

मी समजूत घालायला तोंड उघडलं. सरांचं लक्ष मात्र भिंतीवर टांगलेल्या मासे धरायच्या जाळ्याकडे होतं. "हे कोणं विणलं?"

"तिनंच," वनिताचा बाप म्हणाला.

सर दाराकडे वळले. "मले शिकवशीन काय? यंदा काय शिकावं, तेच ठरून नव्हतं राह्यलं."

मग जाळं विणायची लाकडी सुई घेऊन वनिता बाहेर आली.

शाळा सुटल्यावर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शिकवणी सुरू झाली. तीन आठवडे झाले तरी सरांच्या जाळ्यातून म्हैस निघून गेली असती. एका संध्याकाळी गंमत पाहायला मी गेलो, तर सरांचा चेहरा लालबुंद. बोटं सुतानं कापलेली. एकाएकी त्यांनी सुई भिरकावली. "नाई जमत! हात नाईत हे, लाकडं आहेत!" आणि विणलेलं सगळं ओरबाडून उसवायला लागले. सरांना असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

वनितानं त्यांचा हात धरला. "सर, सारं काऊन उसवता जी? दोनच गाठी चुकल्या. मागचं सारं बरोबर हाय."

तिनं दोन गाठी सोडल्या आणि जाळं परत त्यांच्या हातात दिलं.

सर त्या जाळ्याकडे पाहत राहिले. मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. तिचाच सराव परीक्षेचा पेपर होता. नऊ ओळींचं गणित, त्यावर लाल फुली. वनिताचं बोट एकेका ओळीवरून सावकाश खाली आलं आणि आठव्या ओळीवर थांबलं. तिथं वजाचं अधिक झालं होतं.

"इथी," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "सात ओळी तर बरोबर हाय."

फॉर्म भरला. ऑक्टोबरच्या परीक्षेत वनिता पास झाली. सरांचं जाळं मात्र काही पुरं झालं नाही.

निकालाच्या दिवशी तिच्या घरून परतताना मी विचारलं, "सर, त्या दिवशी चिडलात ते खरं की नाटक?"

"खरंच चिडलो. दरसाल एकदा तरी चिडायले पाह्यजे. नाई तं शिकणाऱ्याले कसं वाटते, ते मी विसरतो."

थोडं चालून झाल्यावर ते आपणहून बोलायला लागले.

"माही पहिली नोकरी आतल्या जंगलात होती. सात वर्षांचा एक पोरगा. रोज विचारू, रोज गप्प. मले वाटलं, मगरूर हाय. एक दिवस मारलं मी त्याले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाई." सर थांबले. "त्याले मराठी येत नव्हती, अन् मले गोंडी. मार मातर त्यानं खाल्ला."

"मग?"

"मग गोंडी शिकलो. लय वर्षं लागली. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या गावाले गेलो. आता त्याले दोन लेकरं आहेत. त्यानं मले वळखलं नाई. खाट टाकली, पाणी देल्लं. माफी कशी मांगाची, ते सारं गोंडीत रस्त्यानं घोकत गेलो होतो."

"काय म्हणाला तो?"

"तो काय म्हणन? मलेच एक शब्द आठवला नाई. पाणी पेलो अन् वापस आलो."