चार ते साडेपाच

कॉलेजात कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, शिकवणाऱ्या सरांनी बायकोची वही तिला न विचारता उचलली, तिथंच सगळं बिघडलं. बायकोचं शिलाईचं दुकान होतं. दोन मशिनं, शिवणाऱ्या दोघी बायका आणि शाळांच्या गणवेशाचं काम. वहीत ती दिवसभराचं सगळं लिहायची: शर्ट किती झाले, कापड किती वाया गेलं, मशिनं कधी चालली, कधी थांबली, चहा किती कप आला. सरांनी पानांचे फोटो काढले आणि एक ओळही न वाचता एआयच्या हवाली केले.

घाईला कारण होतं. प्राचार्यबाईंनी बजावलं होतं, "सर, यंदापासून कॉस्टिंग एआय वापरूनच शिकवायचं. तुम्हाला नाही जमलं तर नव्या मॅडम आहेतच." नव्या मॅडम एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना सगळंच जमायचं. बावीस वर्षं शिकवलेला विषय एका तासावर टांगलेला होता. त्या तासाला प्राचार्यबाई स्वतः मागच्या बाकावर बसणार होत्या. पाहुण्या म्हणून त्यांनीच दुकानाच्या मालकीणबाईंनाही, म्हणजे सरांच्या बायकोला, बोलावून ठेवलं.

तसा सरांचा दुकानाशी रोजचा संबंध. चार वाजता कॉलेज सुटलं की ते थेट तिथं जायचे, खुर्ची ओढायचे, पंखा आपल्याकडे वळवायचे आणि शिवणाऱ्या दोघींना समोर बसवून खर्च आटोक्यात कसा ठेवावा ते समजावायचे. कॉलेजातली पोरं हल्ली ऐकत नाहीत, या दोघी मात्र हातातलं काम खाली ठेवून ऐकतात, याचं त्यांना फार कौतुक होतं.

तास सुरू झाला. पडद्यावर एआयचं उत्तर उमटलं आणि सरांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. "शिलाई उत्तम. कापडाची नासाडी कमी. मात्र रोज चार ते साडेपाच दोन्ही मशिनं बंद असतात. त्याच वेळात चार कप चहा येतो. त्यामुळे महिन्याला सुमारे साठ शर्ट कमी होतात. कारण वहीत लिहिलेलं नाही. ते शोधून बंद करावं."

सरांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "बघा! याला म्हणतात छुपा खर्च! सांगा, काय कारण असेल?"

"सर, लाइट जात असेल."

"मग चहा काय अंधारात पितात?"

"सर, कुणीतरी रोज येऊन बसत असेल."

"शाब्बास!" सरांनी टेबलावर हात आपटला. "असा एक माणूस असतोच. स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याला करू द्यायचं नाही, वर चहा ढोसायचा! काय करायचं अशा माणसाचं?"

"हाकला त्याला!" वर्ग ओरडला.

पहिल्या बाकावरून बायको हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना सर. पुढचं शिकवा."

"जाऊ द्या कसं, मॅडम? लाजू नका. सांगा, चार वाजता कोण येतं?"

"नको ना."

"मॅडम, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे!"

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात ती नजर सरांच्या चांगली ओळखीची झाली होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. आता तास संपला की आपण निघायचं, असा विचार सवयीने मनात आला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

"सर, सापडलं का कारण?" मागून प्राचार्यबाईंनी विचारलं.

लाइटवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण बायको समोर होती.

"सापडलं," सर खाली मान घालून म्हणाले. "मी."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग कळलं, आणि पोरं बाकं बडवून हसली. प्राचार्यबाईंनी रुमाल तोंडाला लावला. जाताना त्या म्हणाल्या, "विषय तुमच्याकडेच राहू द्या. पोरं पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागी होती." सरांना त्याचाही आनंद मानता येईना.

घरी जाताना ते बायकोच्या दहा पावलं मागे चालत होते. कोपऱ्यावर ती थांबली, तेव्हा त्यांनी कसंबसं विचारलं, "अगं, इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पोरं ऐकत नाहीत म्हणून धड जेवत नव्हतात तुम्ही. मीच सांगितलं होतं दोघींना, साहेब आले की मशिनं बंद करा आणि नीट ऐका."

"आणि ते साठ शर्ट?"

"तेवढा खर्च मला झेपत होता," ती म्हणाली आणि चालू लागली.

वर्गात वाटायची तेवढी लाज वाटून झाली, असा सरांचा समज होता. खरी लाज त्यांना आत्ता वाटली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते दुकानात गेले, पंख्याला हात न लावता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला काहीतरी काम दे." तिने सुईदोरा आणि बटणं दिली. दीड तास सरांनी तोंडातून ब्र काढला नाही. मशिनं धडधडत राहिली.

रात्री त्यांनी वही मागितली. या वेळी विचारून. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं: "चार ते साडेपाच, मशिनं सुरू. चहा चार कप. यांनी बटणं लावली, अठरा. मी उसवून पुन्हा लावली, सोळा."

उरलेली दोन नीट लागली होती की तिच्या नजरेतून सुटली होती, हे विचारायचा सरांना धीर झाला नाही.