आबांच्या मातीला आलेली माणसं

चौसाळ्याच्या रुद्रप्पांनी मुलाचं पत्र तिसऱ्यांदा वाचून संपवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि भर दुकानात जाहीर केलं, "उद्या आन परवा, दोन दिस गावात आवाज बंद."

अर्धा किलो गूळ बांधून घ्यायला उभा असलेला म्हाळू दचकला. "कुनाचा?"

"सगळ्याचा."

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. गावात तेव्हा नवंनवं बरंच काही येत होतं. स्टँडसमोर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला होता, शहादेवच्या कॅसेटच्या दुकानात माणसाएवढे स्पीकर आले होते, आणि जे येई ते आपला आवाज घेऊनच येई. धोंडीरामची पिठाची गिरणी मात्र जुनी. तिची पुक्-पुक् सुरू झाल्याशिवाय गावाला सकाळ झाल्यासारखं वाटत नसे. त्या गिरणीचा आवाज आज ऐकायला मिळावा म्हणून जीव तुटतो, पण त्या दिवशी रुद्रप्पांना तो वैऱ्यासारखा वाटत होता.

कारण नात येणार होती. रुद्रप्पांचा एकुलता एक राजेश्वर नऊ वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. त्याची मुलगी ईश्वरी सात वर्षांची झाली तरी आजा-आजीनं तिला फोटोतच पाहिलं होतं. मागे एकदा ती मंडळी लग्नाला म्हणून पुण्याला, सुनेच्या माहेरी आली होती. तिथं म्हणे पोरीला पाहुण्यांसमोर आणू नका, आतल्या खोलीत ठेवा, असं कोणीतरी सुचवलं. सून शिवांजलीनं त्याच संध्याकाळी बॅगा भरल्या. चौसाळ्याला येणं राहूनच गेलं.

आता राजेश्वरनं लिहिलं होतं, "अप्पा, ईश्वरीला ऑटिझम आहे. हा रोग नाही, वेडही नाही. तिची जगाकडे बघण्याची तऱ्हाच वेगळी आहे. तिकडे तिची शाळा आहे, शिकवायला खास बाई आहेत. सोबत यादी पाठवतो, तेवढी पाळा. पहिली रात्र नीट गेली तर दहा दिवस राहू. नाहीतर शिवांजली त्याच पावली परत फिरेल, आणि मग पुन्हा कधी येईल ते मला सांगता येत नाही."

यादी चांगली नऊ कलमांची होती. मोठा आवाज नको. अंगाला हात लावू नका. ताट बदलू नका. भाताला दुसरं काही लागू देऊ नका. डोळ्यांत बघून बोल असा आग्रह नको. अशी ती खाली खाली जात होती.

"ऑटिझम म्हंजे काय हो?" शांतादेवींनी विचारलं.

"लिव्हलंय की. आवाज सोसत न्हाई." रुद्रप्पांनी पहिलं कलम धरलं आणि बाकीची आठ पत्रातच ठेवून दिली.

दुपारी ते टोपी घालून निघाले. धोंडीरामला म्हणाले, गिरणी बंद ठेव. शहादेवला म्हणाले, स्पीकर बंद ठेव. महादेवाच्या देवळातला कर्णा पुजाऱ्याला काढून ठेवायला लावला. मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर सुग्रीव चहा पीत होता, त्याला हात जोडले. "सकाळी गाडी काढताना हॉर्न मारू नको, बाबा."

"कावून?" सगळ्यांनी विचारलं.

इथंच घोडं अडलं. ऑटिझम हा शब्द रुद्रप्पांच्या जिभेवर बसेना. आणि 'माझ्या नातीचं असं असं आहे' म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत गाव तिला येडी ठरवून मोकळं होईल, ही भीती होती. डोळ्यांत पाणी आणून ते एवढंच म्हणाले, "घरची अडचन हाय. जास्ती इचारू नका."

गावाला तेवढं पुरे झालं. म्हातारा माणूस डोळे पुसत घरोघर फिरतो आणि आवाज करू नका म्हणतो, याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. घरात कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. त्या घरात माणसं मोजून तीन. रुद्रप्पा समोर उभे होते, शांतादेवी नळावर दिसल्या होत्या. राहिले आबा.

आबा म्हणजे रुद्रप्पांचे थोरले भाऊ, वय बासष्ट, लग्न केलेलं नाही. सकाळी दुकानात धान्य मोजायचं, दुपारी दोन ते साडेतीन आतल्या ओसरीवर भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून, डोळे मिटून बसायचं, आणि मग मागच्या गोदामात जायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मधल्या वेळात कोणी बोलायचं नाही. गावातलं शेंबडं पोरसुद्धा दुकानात आलं की आबांच्या हातात पैसे न देता पोत्यावर ठेवी, कारण त्यांना हात लागलेला खपत नसे. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. आबांचं तसंच असतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा गिरणी मुकी, देऊळ मुकं, आणि गिऱ्हाइकांचा गलका नको म्हणून रुद्रप्पांचं दुकानही बंद. "आटोपलं," गावानं ओळखलं. सुग्रीवनं हॉर्न न वाजवता बस बीडला नेली आणि बीडच्या स्टँडवर गेवराईच्या कंडक्टरला सांगितलं, "चौसाळ्याचे आबा गेले." दहाच्या सुमाराला ही बातमी तलवाड्याला, आबांच्या धाकट्या बहिणीच्या दारात पोचली. केशरबाई मुळातच रडण्यात वाकबगार. त्यांनी पिठाचा हात तसाच ठेवला, हंबरडा फोडला आणि भाड्याची जीप भरली.

इकडे रुद्रप्पांना या कशाचाच पत्ता नव्हता. दुपारी बारापासून ते हायवेवर उभे होते, कारण ट्रकवाले कोणाच्या बापाला ऐकणारे नव्हते. म्हाळूच्या हातात त्यांनी पुठ्ठा दिला होता, 'हॉर्न वाजवू नये.' तो वाचायला पहिला ट्रक थांबे आणि तो का थांबला म्हणून मागचे चार ट्रक हॉर्न वाजवत.

"मालक, पुठ्ठा नव्हता तवाच बरं व्हतं," म्हाळू म्हणाला.

तेवढ्यात जीप येऊन थांबली आणि केशरबाई खाली उडी मारून भावाच्या गळ्यात पडल्या. "अण्णा रं! आबा गेला रं आपला!"

रुद्रप्पांनी तिचे हात सोडवले. दोन तासांपूर्वी तर आबा भाकरी खात होते. "कवा?"

"मला काय इचारतोस? तू हितं रस्त्यावर काय करतोस?"

माणूस गोंधळला की त्याला आपल्या डोळ्यांपेक्षा दुसऱ्याचं रडणं खरं वाटतं. रुद्रप्पा धोतर सावरत घराकडे धावले. अंगणात गाव जमलेलं, भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन बसलेलं. शांतादेवी नळावर गेलेल्या, त्यामुळे खरं काय ते सांगायला घरात कोणी नव्हतं. आत ओसरीवर आबा बसलेले होते. पाठ भिंतीला, मांडी घातलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे मिटलेले. आता लिंगायताच्या घरी मेलेल्या माणसाला आडवं निजवत नाहीत. त्याला आंघोळ घालून, भस्म लावून असंच भिंतीशी बसवतात आणि बसलेलाच मातीत नेतात. त्यामुळे कोणाच्याच मनात शंका आली नाही. रोज दुपारी पाहिलेला तोच भाऊ, तीच भिंत. पण रुद्रप्पांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. ते दारातच मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

अण्णाच रडतोय म्हटल्यावर केशरबाईंनी आवाज वरच्या पट्टीत नेला, मृदंगावर थाप पडली, आणि त्यांनी गेवराईहून आणलेला झेंडूचा हार पुढे होऊन आबांच्या गळ्यात घातला.

आबांनी डोळे उघडले.

"साडेतीन न्हाई झाले अजून," ते म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते चौसाळ्यात पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं. मृदंगवाला मृदंगावर पडला. केशरबाई किंचाळल्या, त्यांच्या किंचाळण्यानं बाहेरचे किंचाळले, अर्धे आत घुसले, अर्धे बाहेर पळाले, कोणाचा तरी पाय घंगाळात गेला. त्या सगळ्या कल्लोळात दारासमोर औरंगाबादहून आलेली पांढरी अँबॅसिडर उभी राहिली.

ईश्वरी गाडीतून उतरली आणि तिनं दोन्ही कानांवर हात दाबून डोळे मिटले. आबांनी हार काढून फेकला, दोन्ही कानांवर हात दाबले आणि ते उठून मागच्या दारानं निघून गेले. शिवांजली बॅगेतून काही काढायला वाकली तेवढ्यात पोरगी तिच्या हातून निसटली आणि घराशेजारच्या बोळात दिसेनाशी झाली.

"राजेश्वर, ड्रायव्हरला गाडी फिरवून ठेवायला सांग," शिवांजली म्हणाली. "ती सापडली की निघायचं. मला आणखी काही बघायचं नाही."

रुद्रप्पांना वाटलं, आज खरंच माती झाली, ती आपली. ते, नळावरून परतलेल्या शांतादेवी आणि शिवांजली बोळातून धावत गोदामापाशी आले आणि दारातच थांबले.

आत अर्धवट अंधार होता, पोत्यांच्या थप्प्यांमुळे बाहेरचा गलका जणू गावाबाहेर गेला होता. आबा एका उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. शेजारच्या पोत्यात ईश्वरीचा हात कोपरापर्यंत गेला होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. गार ज्वारी बोटांमधून वरखाली होत होती.

बऱ्याच वेळानं आबांनी भिंतीला उद्देशून ज्वारीचं वाण सांगितलं, "मालदांडी."

"मालदांडी," ईश्वरी म्हणाली.

शिवांजली तिथंच उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळानं तिनं सासूला हळूच विचारलं, "आत्याबाई, आबा लहानपणी बोलायला कधी लागले?"

"सासूबाई सांगायच्या, पाच वर्सांचे व्हईस्तोवर मुके व्हते म्हनून."

"अंगाला हात लावलेला चालतो?"

"न्हाई बाई. आन वरन भाताला लागलं तर ताट सारून उठत्यात."

शिवांजली हसली आणि तिचे डोळे भरून आले. "आत्याबाई, ईश्वरीला जे आहे तेच आबांना आहे."

"आबानला?" शांतादेवी विचारात पडल्या. "आमी तर त्यानला आबाच म्हनतो."

रुद्रप्पा मात्र चौकटीशी खाली बसले. दुसरीतल्या मास्तरनं आबांच्या हातावर मोडलेली छडी त्यांना आठवली. 'याला बाधा हाय' म्हणून वडलांनी भगताकडे नेलं होतं, तिथला धूर आठवला. पुन्हा आबा शाळेत गेलेच नाहीत. तिकडे असते तर त्यांनाही कोणी शिकवायला खास बाई मिळाली असती का, कोण जाणे. "पोरी, तिकडं बरं हाय का गं हिचं?" त्यांनी विचारलं.

"शाळा चांगली आहे, मामंजी. सगळ्यांना सगळं माहीत असतं. कोणी वाईट बोलत नाही." तिनं अंगणाकडे हात केला. "पण तिच्या वाढदिवसाला कोणी आलं नाही. इथं आबांच्या मातीला जीप भरून माणसं आली."

रुद्रप्पा उठले ते तडक अंगणात गेले. मेलेला माणूस जिवंत निघाल्यानं गाव फार नाराज होतं. केशरबाई पदरानं वारा घेत होत्या.

"ऐका," रुद्रप्पा म्हणाले. दोन दिवस अडलेलं आता सुटलं. "माझी नात आलीय. तिला आवाज सोसत न्हाई. हात लावलेला खपत न्हाई. ती... ती आमच्या आबागत हाय."

मग धोंडीराम वैतागून म्हणाला, "आबागत हाय व्हय? मग तसं सांगायचं की! सकाळधरनं गिरनी कावून बंद ठिवली माझी? आबाला गिरनीचं काई वाटत न्हाई, रोजची हाय ती. त्यानला अचानक गलका झालेला चालत न्हाई."

"आन त्यो तुमीच केलात," म्हाळूनं जोड दिली.

"वरन भाताला लागलेलं चालतं का तिला?" पुजाऱ्यानं विचारलं.

"न्हाई."

"बराबर हाय," पुजारी म्हणाला आणि त्यानं टाळ हळूच पिशवीत घातले. कोणी काही न सांगता माणसं उठली. कोणी पायताण वाजू न देता हातात घेतलं, कोणी घंगाळ सरळ केलं, आणि बघता बघता अंगण रिकामं झालं. एवढं गाव इतक्या कमी आवाजात हललेलं रुद्रप्पांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

रुद्रप्पा परत गोदामाशी आले तेव्हा राजेश्वरही दारात येऊन उभा होता. तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर बोळातून डोकावला. "साहेब, गाडी फिरवलीय. निघायचं ना?"

राजेश्वरनं शिवांजलीकडे पाहिलं. शिवांजलीनं लेकीकडे पाहिलं. कोणी बोलायच्या आत गोदामातून आबांचा आवाज आला. पोत्यातला हात त्यांनी काढला नव्हता.

"रुद्रा, पोरगी राहू दे. गाडी लावून दे."

रुद्रप्पांनी दाराच्या चौकटीला धरलं. पाहुणा आला की तो कधी जाणार एवढंच आबा विचारत. माणूस राहू दे असं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच म्हटलं होतं. रुद्रप्पांना रडू आवरेना, आणि आवरावंसंही वाटेना. शिवांजली उठली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बॅगा आत आणा. आवाज न करता."

हे ऐकून केशरबाईंनाही उमाळा आला. पदर सावरत त्या गोदामाच्या दाराशी आल्या. एवढ्या लांबून त्या भावासाठीच धावत आल्या होत्या.

"आबा, मग मी बी राहू का आज?"

"न्हाई," आबा म्हणाले. "तू लई रडतीस."