शलमोनकाकांची तालीम

शलमोनकाकांनी बायकोला पलंगाखाली निजवलं होतं आणि स्वतः वर बसून पत्र्याचा डबा बडवत होते. मी दारातच थांबले. रूथकाकूंचे फक्त पाय दिसत होते.

"हलायचं न्हाई. मी सांगितल्याबिगर उठायचं बी न्हाई," काका खाली वाकून म्हणाले.

"नाक खाजतंय," खालून आवाज आला.

"खाजू दे. तिथं बी खाजल."

ही एमआरआयची तालीम होती. सोनोग्राफीत काकूंच्या पोटात गाठ दिसली होती. ती साधी की कॅन्सरची, याचा अंदाज एमआरआयवरून येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

देवळाली प्रवऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काका साखर कारखान्यात फिटर होते; पण गाव त्यांना ओळखतं ते चर्चमधल्या नाताळच्या नाटकामुळे. ते नाटक दरवर्षी काकाच बसवतात. "तालमीबिगर कशाला उभं ऱ्हाऊ नये," हे त्यांचं पालुपद. मुलीकडे पुण्याला जायचं असलं की आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन पिशव्यांसकट एकदा एस.टी.त चढून उतरून येतात. मुलीच्या लग्नाआधी जावयाकडून त्यांनी "होय" इतक्यांदा म्हणवून घेतलं, की पाळकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच तो "होय" म्हणून मोकळा झाला.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून सूचनांचा कागद माझ्याकडे आला. सुईतून औषध देणार, म्हणून आधी किडनीची रक्ततपासणी. चार तास पोटात काही नको. अंगावर धातू नको. काकांनी उपाशी राहण्याचीही तालीम घेतली आणि काकूंच्या जोडीने स्वतःही उपाशी बसले. मशीनचा आवाज कसा येतो, हे त्यांनी सेंटरला फोन करकरून इतकं विचारलं, की शेवटी तिथल्या माणसाने वैतागून तोंडाने "टक टक घर्र" करून दाखवलं. डबा त्याच चालीवर वाजत होता.

तपासणीच्या दिवशी नगरला गाडी मीच नेली. काकूंनी मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना काढून माझ्या पर्समध्ये टाकल्या आणि आत गेल्या. काका बाकावर बसून बोटांनी गुडघ्यावर टक टक करत राहिले.

बऱ्याच वेळाने टेक्निशियन घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आला. "काका, तपासणी झाली, पण मावशी उठेनात. डोळे मिटून पडल्यात. हात लावला तर मानेनंच नाही म्हणतात."

काका खिशातल्या किल्ल्या माझ्या हातात देऊन दारापर्यंत गेले. "रूथ, झालं. ऊठ आता." काकूंनी डोळे उघडले.

परतीच्या वाटेवर मी हसले, काकू हसल्या. काका खिडकीबाहेर बघत होते. रिपोर्ट परवा मिळणार होता.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "बाई, जरा डाक्टर व्हा. खुर्चीत बसा अन् म्हना, गाठ वाईट हाय."

"मी असलं काही म्हणणार नाही. रिपोर्ट येऊ द्या."

"तवा ती शेजारीच बसलेली असल. ती डाक्टरकडं बघत न्हाई, माझ्या तोंडाकडं बघती. सोनोग्राफीला तसंच झालं. डाक्टर तिच्याशी बोलायच्या आत तिला माझ्या तोंडावरनं कळलं."

मी खुर्चीत बसले, चष्मा लावला. "गाठ कॅन्सरची आहे."

"बरं," काका म्हणाले. "मग आता पुढं काय करायचं, डाक्टर?" वाक्य पाठ करून आणलेलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तोंड सरळ राहिलं का?"

"नाही राहिलं. हनुवटी हलते तुमची."

भिंतीपलीकडे काकूंचं भांडी घासणं थांबलं होतं. मी उठून टीव्ही मोठा केला आणि परत खुर्चीत येऊन बसले.

"चला काका, पुन्हा घेऊ."