मागच्या चाकांचा केळुसकर

केळुसकर कोणालाही पुढून ओळखत नसे. आखातात, बुसैतीनला मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो, त्या दिवशी हा गृहस्थ माझ्या तोंडाकडे न बघता थेट माझ्या गाडीच्या मागे गेला. डिकीवर दोन्ही हात ठेवून त्याने गाडी दाबली, सोडली आणि कान लावून उभा राहिला. गाडी कुरकुरत दोनदा हलली आणि थांबली. "पाटे आहेत," तो म्हणाला. "पाठ सांभाळा." आणि घरात निघून गेला. माझं नाव साठे, मी पुण्याचा, इथे बँकेत कामाला, हे विचारायला त्याला पुढे महिना लागला.

तो वेंगुर्ल्याकडचा. सित्र्याच्या एका कंपनीत मेंटेनन्स इंजिनियर. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. त्याचा इंग्रज साहेब नोकरी सोडून मायदेशी गेला आणि जाताना एक अर्धवट कार याच्या गळ्यात मारून गेला. ही कार म्हणजे खोक्यांतून सुटे भाग येतात आणि आपली आपण जोडायची, असला प्रकार. लोखंडी सांगाडा, त्यावर फायबरची बॉडी, बसायला दोन जागा. साहेबाने पुढचं सगळं जोडलं होतं. मागचं मात्र काहीच नव्हतं. मागे काय बसवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि इथेच आमचा माणूस जो अडकला तो अडकलाच.

चहा प्यायला म्हणून खाली अंगणात उतरलो की मला मागच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या व्यवस्थेचे, प्रकार ऐकावे लागत. पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, हे एकत्र कुटुंब, तो म्हणायचा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याने उगाच हलायचं, आणि वर गाडी रिकामी असली की लाथा मारणार. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा घातल्या तर लाथा कमी होतात, पण एक्सल तोच, जडच्या जड, चाकांबरोबर उड्या मारणारा. दोन्ही चाकं स्वतंत्र केली तर बसणाऱ्याला सुख, पण वजन पडलं की चाकं फाकतात. राहिला डी डियन. त्यात चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं धूड गाडीच्या सांगाड्याला बांधून टाकायचं आणि चाकांना फक्त एका हलक्या नळीने जोडून ठेवायचं. "चूल वेगळी, अंगण एक," केळुसकर म्हणायचा आणि खूश होऊन माझी बशी स्वतःच पिऊन टाकायचा.

मी एकदा वैतागून विचारलं, अहो, शर्यतीला जायचंय का तुम्हाला? तो म्हणाला, छे, मला हळूच जायचंय. मग इतका खटाटोप कशाला, म्हटलं. त्याने पाना उचलला.

पाटे त्याने बसवून बघितले आणि महिन्याभरात काढून टाकले. कॉइल आल्या, त्याही गेल्या. एका भंगारातल्या मोटारीची स्वतंत्र चाकंवाली व्यवस्था आणली, तीही अंगणात गंजत पडली, आणि शेवटी डी डियन बसला. इथपर्यंत ठीक होतं. वेड म्हणून मी सोडून देत होतो. माझी झोप उडाली ती गोणीमुळे.

गाडी इंग्लंडची, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. इथे सगळ्यांचं डावीकडे. केळुसकर रोज संध्याकाळी समुद्रालगतच्या खडबडीत रस्त्यावर चक्कर मारायचा आणि शेजारच्या सीटवर वजन म्हणून वाळूची गोणी ठेवायचा. वाळू गळू नये म्हणून तिला साडी गुंडाळलेली. हिरवी, काठापदराची. आता समोरून येणाऱ्याला काय दिसणार? ड्रायव्हरच्या जागी हिरव्या साडीतली एक बाई, आणि मानेच्या वर काही नाही. आमचे घरमालक बू खलील त्या रस्त्याने येत होते. माझ्याकडे येऊन ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. "साठे," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "औरत गाडी चलाता है. रास मफी." डोकं नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून ते जागेवर असल्याची खात्री करून घेतली.

त्यांनीच मग सांगितलं. केळुसकरला बायको होती. मी येण्याच्या आदल्या वर्षी तिला कंपनीच्या पिकअपमधून सलमानियाच्या हॉस्पिटलात नेलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. परत आलेली मात्र त्यांनी पाहिली नव्हती. विचारायचा धीर त्यांना झाला नाही, आणि मला तर मुळीच होणार नव्हता.

त्यानंतर मला काय काय ऐकू यायला लागलं म्हणता! केळुसकर अंगणात गाडीखाली आडवा पडलेला, पाय मला गॅलरीतून दिसतायत, आणि खाली घरात बांगड्या वाजतायत. खोबरं किसल्याचा आवाज येतोय. तो गोणी शेजारी बसवून फाटकातून निघाला की उंचवट्यावर गाडी आपटायची आणि तो मान वळवून विचारायचा, "लागला काय गो?" गोणी काय बोलणार! पण एकदा खालच्या खिडकीतून अगदी हलकं, बाईच्या आवाजात "हूं" आलेलं मी या कानांनी ऐकलं. त्या दिवशी मी आमटीत मीठ दोनदा घातलं.

आणि खरं भय पुढेच होतं. ती गोणी बदलत चालली होती. आधी सरळ होती. मग पुढे पोटाशी एक लहान पिशवी बांधलेली दिसली. पुढच्या महिन्यात ती पिशवी मोठी झाली. उन्हाळा सरेपर्यंत त्या बिनडोक्याच्या बाईला चक्क दिवस गेलेले दिसत होते. मी दुसरी जागा शोधायला लागलो.

मग एका शुक्रवारी दुपारी धुळीचं वादळ उठलं. सूर्य पांढरा पडला, समोरचं घर दिसेना. खालून केळुसकरने हाक मारली, "साठेनू, खाली या. मागे वजन हवंय." मी गॅलरीतून वाकून बघितलं. अंगणात गाडी उभी होती. डावीकडे ती हिरव्या साडीत बसली होती, पोटावर हात ठेवून. आज तिला डोकं होतं. आणि ते डोकं वळून माझ्याकडे बघायला लागलं.

खाली कसा उतरलो ते आठवत नाही. गोणी भिंतीला टेकून पडली होती, उघडी. केळुसकर तिच्या बाजूचं दार लावत होता. "ही आमची सुमन," तो म्हणाला. "कळा सुरू झाल्यात."

मला त्याच्या सीटमागच्या सामानाच्या खाचेत कोंबण्यात आलं, बरोबर मागच्या चाकांच्या वर. डी डियनवर. निघता निघता, तिच्यादेखत, त्याने एका दमात मला सांगून टाकलं. मागच्या खेपेला सातवा महिना होता. त्या पिकअपला पाईप वाहायला जादा पाटा त्यानेच टाकून घेतला होता. रिकामी पिकअप प्रत्येक धक्क्याला आपटत गेली. मूल वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्यांनी असं होत नसतं. पण दोघांनाही ते पटलं नाही. ती सलमानियाहून बुसैतीनपर्यंत समुद्रावरचा पुलाचा रस्ता चालत आली, संध्याकाळची, आणि पुन्हा कुठल्याही गाडीत पाय ठेवणार नाही म्हणाली. कोणाला तोंड दाखवणंही तिने सोडलं. तपासणीला जवळच्या दवाखान्यात जायची तीही पायघोळ काळा अबाया घालून, चालत. मी तिला फाटकात कितीदा बघितलं असेन, बू खलीलच्या घरातली कोणी समजून बाजूला झालो असेन.

मुलगी झाली आणि दोघी सुखरूप राहिल्या, हे मी आत्ताच सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला नको. माझा मात्र त्या दिवशी होता. सुमनवहिनींनी डोळे मिटले होते आणि दाराची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. फाटकाचा उंचवटा आला. समुद्रावरच्या रस्त्याचे सांधे आले. मला खाली चाकं वरखाली होताना कळत होती, पण गाडी तशीच पुढे सरकत होती. आणि रोज गोणीला विचारणारा हा माणूस आज तोंडातून शब्द काढत नव्हता. ओठ हलायचे, पुन्हा मिटायचे. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर, या भीतीने त्याची वाचाच गेली होती.

पूल संपतो तिथे एक वाईट खड्डा होता. मी देवाचं नाव घेतलं. चाक आत गेलं, वर आलं.

वहिनींनी डोळे उघडले. दाराची कड सोडली.

"त्या गोणीक रोज इचारतास," त्या म्हणाल्या. "आज माका इचारा मगे."

केळुसकरने समोर बघतच विचारलं.

"लागला काय गो?"

"लागूक नाय," त्या म्हणाल्या.