गाडीमागचं पाणी

इकडे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या निघालेल्या गाडीमागे पाण्याने भरलेला जग उपडा केला. तिसऱ्या दिवशीही तेच! म्हटलं, पार्किंगवरून डोकं फिरलेलं दिसतंय. चौथ्या दिवशी गाडी थांबवून मी भांडायलाच उतरलो. म्हातारा सूट-टायमध्ये, आणि चक्क हसतोय.

"आमच्याकडे जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात, मेट. पाण्यासारखं जा, पाण्यासारखं परत ये."

अहो, मी चाललो होतो ऑफिसला! संध्याकाळी पाचला परत येणारच होतो. पण ऐकतोय कोण?

त्यांचं नाव सेलिम बे. 'बे' म्हणजे आपलं 'राव', म्हणून आमच्या घरात ते सेलिमराव. उभी हयात तुर्कस्तानच्या वकिलातींमध्ये काढलेली. एकदा युद्धाची भलामण करणारं पत्र सहीला आलं. यांनी पत्र परत केलं, सोबत राजीनामा दिला आणि शांततेचे कार्यकर्ते झाले. आता दर शनिवारी तळ्याकाठी 'लढू नका, बोला' अशी पाटी घेऊन उभे राहतात. ऐकायला बहुतेक वेळा फक्त बदकं असतात, आणि तीही एकमेकांशी भांडत असतात.

नोकरी सुटली तरी खोड काही जाईना. कुठे वाजलं की हे मध्ये हजर. बार्बेक्यू घासायचा कोणी, यावरून माझा आणि बायकोचा, वृषालीचा, दोन दिवस अबोला चाललेला. सेलिमराव इवल्या इवल्या ग्लासांत काळा चहा घेऊन आले. "आधी चहा, मग तह!" हे त्यांचं पेटंट वाक्य. वाटाघाटींना टेबल गोल लागतं म्हणे. आमचं चौकोनी, म्हणून आम्हा दोघांना पोरीच्या गोल ट्रॅम्पोलिनवर बसवलं! चहा सांडला, वृषालीला हसू फुटलं, आणि बार्बेक्यू मी घासला.

असा हा माणूस परवा समोरचा चहा गार करून बसलेला. थोरल्या भावाचा फोन आला होता, आजारी आहे, भेटून जा. राजीनाम्यावरून चिडलेला हा भाऊ तेव्हापासून त्यांच्याशी बोललेला नव्हता. तिकीट काढलेलं, बॅग भरलेली, आणि हे म्हणाले, "कॅन्सल करतो."

"अहो, जगाला सांगता ना, बोला म्हणून?"

"घर सोडलं तेव्हा भाऊ दारातसुद्धा आला नाही. माझ्या मागे कोणी पाणी ओतलं नाही. आता गेलो आणि त्याने पुन्हा दार लावलं तर?"

मला एकदम भरून आलं. रोज सकाळी माझ्या गाडीमागे पडणारं पाणी कुठून येत होतं, ते आत्ता कळलं.

"तर परत या," वृषाली म्हणाली. "आम्ही आहोत ना. आणि निघताना 'जातो' म्हणायचं नाही. आमच्यात 'येतो' म्हणतात." तिने तो शब्द त्यांच्याकडून दहादा घोकून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. सेलिमराव टाय सारखा करत आत बसले. मला ऐनवेळी पाण्याचा जग सापडेना. देवापुढचा तांब्या उचलला, धावत बाहेर आलो आणि टॅक्सीमागे उपडा केला. निम्मं पाणी माझ्याच पँटवर. ऑफिसला उशीर झालेला मी, ओल्या पँटने रस्त्यात उभा राहून डोळे पुसत होतो.

कोपऱ्यावर टॅक्सी थांबली. खिडकीतून आधी टाय बाहेर आला, मग डोकं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी आली, "येतो!"